हात लावू नको, बिघडेल!

आमच्या शाळेत कॉम्प्युटरची एक खोली होती आणि तिला कायम कुलूप असायचं. आठवड्यातून एकदा ते उघडायचं. चपला दाराबाहेर काढायच्या, एका मशीनपुढे चौघांनी बसायचं, एकाने माऊस धरायचा आणि बाकी तिघांनी बघायचं. तास संपला की सर स्वतःच्या हाताने प्लास्टिकचं कव्हर घालायचे. तीन वर्षांत मी त्या खोलीत एकच वाक्य पक्कं शिकलो : हात लावू नको, बिघडेल.

पुढे हे वाक्य सगळीकडे भेटत राहिलं. दुकानदार म्हणाला, "डबा उघडू नका, वॉरंटी जाईल." नोकरीच्या अर्जासाठी कॉम्प्युटरचा कोर्स केला, तिथे वर्डमध्ये अर्ज टाइप करायला शिकवलं. मशीन सुरू होताना क्षणभर काळ्या पडद्यावर काहीतरी लिहून येतं, ते काय असतं असं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "ते आपल्या कामाचं नाही." घरी मी पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो तेव्हा आई म्हणाली, "काहून हात लावायलास त्याला? बिघडलं तर कोण भरून देणार हाय?"

आईचा प्रश्न खरा होता, त्याच्याकडे मी परत येईन. बाकीच्यांशी मात्र माझं भांडण आहे आणि हा लेख म्हणजे ते भांडण. निमित्त ओव्हरक्लॉकिंगचं आहे. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मोठ्या शहरांतल्या पोरांचा शौक, रंगीत दिवे लावलेल्या डब्यांचा खेळ, अशी त्याची ख्याती आहे. माझं म्हणणं असं की तो हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या पोरापोरींनी आयुष्यात एकदा तरी करून बघावा. वेगासाठी करू नये. वेग फारसा वाढत नाही, ते मी पुढे आकड्यांत सांगतो. आपण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची मर्यादा आपण स्वतः मोजू शकतो, हे एकदा अंगाला कळावं म्हणून करावा.

*

आधी गोष्ट काय आहे ते समजून घेऊ, कारण बहुतेक जण ती फारच गूढ करून सांगतात.

मदरबोर्ड प्रोसेसरला एक ठोका देत असतो, सेकंदाला दहा कोटी वेळा. म्हणजे 100 मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्या ठोक्याला एका आकड्याने गुणतो, त्याला मल्टिप्लायर म्हणतात. 34 ने गुणलं की 3.4 गिगाहर्ट्झ, 38 ने गुणलं की 3.8. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोस नावाचा पडदा उघडतो. तिथे 34 च्या जागी 38 लिहिणं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. लिहायला दहा सेकंद लागतात.

अडचण पुढे सुरू होते. ठोके जलद झाले की आतल्या कोट्यवधी ट्रान्झिस्टरांना चालू-बंद व्हायला कमी वेळ मिळतो. वेळेत काम उरकायला त्यांना जास्त जोर, म्हणजे जास्त व्होल्टेज लागतं. आणि व्होल्टेज वाढवलं की उष्णता वाढते, तीही सरळ नाही तर वर्गाच्या हिशोबाने. व्होल्टेज दहा टक्के आणि वेगही दहा टक्के वाढवला, तर उष्णता 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1, म्हणजे साधारण 33 टक्के वाढते. नववीचं गणित आहे हे. बोर्डावर लिहून कुणी शिकवलं असतं तर मी विसरलो असतो. बोटाला चटका बसल्यावर नाही विसरलो.

आणि हे आमच्या भागाला नवीन आहे असंही नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची रेस कमी-जास्त करणारी माणसं मी लहानपणापासून बघितली. मोटारसायकलचा मेकॅनिक कार्बोरेटरचा एक छोटा स्क्रू पाव आटा फिरवायचा, कान लावून आवाज ऐकायचा आणि "ॲव्हरेज सेट झालं" म्हणायचा. त्याने कुठली डिग्री घेतली नव्हती, पण यंत्राच्या मर्यादेशी तो रोज बोलत होता. एप्रिल 2020 पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या आणि फ्युएल इंजेक्शनने कार्बोरेटर जवळपास हद्दपार केला. धूर कमी झाला, ते चांगलंच झालं. पण तो स्क्रू गेला. आता गाडीला स्कॅनर लावावा लागतो आणि स्कॅनर काय म्हणेल ते ऐकावं लागतं.

*

माझं मशीन जुनं होतं. निम्मे पैसे लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करून मिळवलेले, निम्मे बाबांनी हळद विकून दिलेले. नांदेडहून आणलेला वापरलेला डबा, आत रायझन 5 1600. सहा कोअरचा हा प्रोसेसर 2017 साली बाजारात आला. कागदावर त्याचा मूळ वेग 3.2 गिगाहर्ट्झ आणि वरची हद्द 3.6. सहाही कोअर कामाला लागले की माझ्याकडे तो 3.4 ला चालायचा. एका लग्नाचा व्हिडिओ रेंडर व्हायला 50 मिनिटं लागायची. लग्नसराईत दिवसाला तीन-चार व्हिडिओ असायचे, आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. तेव्हा पाच-दहा मिनिटांनाही किंमत होती.

एका रात्री मी बायोस उघडला आणि एखाद्या व्हिडिओत बघितलेला आकडा तसाच्या तसा उचलला. मल्टिप्लायर 40, व्होल्टेज 1.3. सेव्ह केलं. पडदा काळा झाला. पंखे फिरले, थांबले. परत फिरले, परत थांबले. बाबांच्या हळदीचे पैसे माझ्या डोळ्यांपुढे असे फिरत होते आणि थांबत होते. शेजारच्या खोलीतून दादाचा आवाज आला, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही." आयुष्यातलं इतकं खोटं "काही नाही" मी परत कधी म्हणालो नाही.

मग प्लग काढला, डबा उघडला, मदरबोर्डवरची नाण्याएवढी गोल बॅटरी काढली आणि पाच मिनिटं तशीच ठेवली. परत बसवली, बटण दाबलं. मशीन सुरू झालं, जणू काहीच झालं नव्हतं.

ती पाच मिनिटं माझं खरं शिक्षण आहे. बायोसमधला आकडा बोर्डवरच्या एका छोट्या स्मृतीत बसलेला असतो, त्या बॅटरीच्या जिवावर. बॅटरी काढली की बोर्ड तो आकडा विसरतो आणि कंपनीच्या मूळ आकड्यांवर परत येतो. नुसता वेग जास्त लिहिल्याने प्रोसेसर सहसा जळत नाही, तो सुरू होत नाही किंवा मध्येच बंद पडतो. गरम झाला तर आधी स्वतःच वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. खरा धोका व्होल्टेजचा आहे, तिथे हात आखडता ठेवायचा. म्हणजे "बिघडेल" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी होत्या : काय बिघडतं, काय फक्त थांबतं, आणि काय परत पहिल्यासारखं करता येतं. इतकी वर्षं मला कुणी हा फरक सांगितला नाही. सांगितला असता तर भीती निम्मी झाली असती, आणि उरलेली निम्मी योग्य जागी बसली असती.

दुसऱ्या दिवशी मी वही घेतली. चार रकाने पाडले : वेग, व्होल्टेज, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान. 35 पासून एकेक पायरी वर गेलो. प्रत्येक पायरीला अर्धा तास सगळे कोअर राबवायचे आणि आकडा लिहायचा. खोली 30 अंश असताना मूळ वेगाला प्रोसेसर 68 अंशांवर जायचा. 3.8 ला, 1.3 व्होल्टवर, तो 84 ला गेला. मूळ वेगाला साधारण 1.15 व्होल्ट लागत होतं, त्यामुळे हिशोब सरळ होता : वेग 12 टक्के जास्त, उष्णता 43 टक्के जास्त. रेंडर 50 मिनिटांवरून 45 वर आलं.

पाच मिनिटं. एवढंच.

*

इथे एक माझी चूक सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख जाहिरात होईल.

3.8 चाललं म्हणून मी 3.9 लावलं, व्होल्टेज तेच ठेवून. अर्ध्या तासाच्या परीक्षेत ते पासही झालं. मग त्यावरच एका गिऱ्हाईकाचं लग्न रेंडर केलं. पेनड्राइव्ह द्यायच्या आदल्या रात्री सहज बघत बसलो, तर अंतरपाट खाली येतो नेमक्या त्या क्षणी नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर हिरवे चौकोन. मशीन बंद पडलं नव्हतं, कुठला इशाराही आला नव्हता. प्रोसेसरने कुठेतरी गणित चुकवलं होतं आणि गुपचूप पुढे गेला होता. मूळ शूटिंग हार्ड डिस्कवर होतं म्हणून वाचलो. नसतं, तर कुणाच्या तरी आयुष्यातला तो क्षण माझ्या हौसेपायी गेला असता.

आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सी गावच्या नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी बसलेली असताना गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणतं मडकं भाजलेलं आणि कोणतं कच्चं ते सांगायला सुरुवात केली. नामदेव चिडले, आणि कच्चे ठरले. मग त्यांना गुरू भेटले विसोबा खेचर, तेही आमच्याच औंढा नागनाथला. प्रोसेसरची परीक्षा म्हणजे हे थापटणं आहे. मडकं दिसायला सारखंच असतं, कच्चं की पक्कं ते ठोकल्यावरच कळतं, आणि एकदाच ठोकून भागत नाही. अर्धा तास चाललं म्हणजे स्थिर झालं, हा माझा अहंकार होता. त्यानंतर मी नियम केला : रात्रभर परीक्षा झाल्याशिवाय कुठलाही आकडा पक्का मानायचा नाही, आणि प्रयोग स्वतःच्या मशीनवर करायचा, दुसऱ्याच्या लग्नावर नाही.

*

आता कंपन्यांकडे वळू, कारण "हात लावू नको" हे वाक्य सगळ्यात महागात त्याच विकतात.

1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. 300 मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. बोर्डचा ठोका 66 वरून 100 केला की तो अनेकांकडे 450 ला चालायचा, म्हणजे कितीतरी महागड्या पेंटियमच्या बरोबरीने. 2000 च्या सुमाराला एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉनवर वरच्या बाजूला काही बारीक तुटक रेघा असायच्या. साध्या पेन्सिलीने त्या जोडल्या की मल्टिप्लायर मोकळा व्हायचा. पाच रुपयांची पेन्सिल! पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असतं आणि ग्रॅफाइटमधून वीज जाते, हे विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य जगभरातल्या पोरांनी असं वापरलं.

कंपन्यांनी मग कुलपं लावली. 2011 पासून इंटेलने व्यवस्थाच अशी केली की नावापुढे "के" असलेला महाग प्रोसेसर आणि ठरावीक महाग बोर्ड घेतला तरच मल्टिप्लायर मोकळा. बोर्ड बनवणाऱ्या काही कंपन्यांनी पुढे साध्या प्रोसेसरसाठी पळवाट शोधली, ती 2016 मध्ये बायोसच्या अपडेटने बुजवली गेली. आणि 2010 ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. पेंटियम जी6951 नावाचा प्रोसेसर विकताना इंटेलने त्यातला कॅशेचा काही भाग आणि एक सोय बंद करून ठेवली. ती सुरू करायची असेल तर 50 डॉलरचं कार्ड विकत घ्या, त्यावरचा कोड टाका. म्हणजे वस्तू तुमच्या घरात, तुमच्या टेबलावर, पैसे दिलेले, आणि तिच्यातल्या एका खोलीला कुलूप, किल्ली दुकानात. बोंब झाली आणि ती योजना गुंडाळावी लागली.

कंपन्यांचं एक उत्तर असतं आणि ते अगदीच खोटं नाही. एकाच वेफरवरचे सगळे प्रोसेसर सारखे निघत नाहीत. काही जास्त वेग झेपतात, काही कमी. चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी करावी लागते. मान्य. मोंढ्यात हळदीचीही प्रतवारी होते. पण प्रतवारी करून भाव ठरवणं वेगळं, आणि विकलेल्या पोत्याला कुलूप लावून "एवढीच वापरा" म्हणणं वेगळं. पहिल्याला व्यापार म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आणि गंमत अशी की आता ओव्हरक्लॉकिंग कंपन्या स्वतःच करतात. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीतले वरचे प्रोसेसर कारखान्यातूनच इतक्या टोकावर येत होते की लोकांची मशीन विनाकारण कोसळू लागली. 2024 मध्ये कंपनीने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने झिजत होता. दुरुस्तीचा अपडेट आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली. त्यात कित्येक गिऱ्हाइकं अशी होती की त्यांनी एकाही आकड्याला हात लावला नव्हता. "हात लावू नको, बिघडेल" हे ज्यांनी तंतोतंत पाळलं, त्यांचंही बिघडलं.

*

तुम्ही हे फोनवर वाचत असणार. म्हणून आता फोनबद्दल.

तुमच्या फोनचा प्रोसेसर या क्षणी किती वेगाने चालतोय, किती व्होल्टवर, किती गरम, हे तुम्हाला ठाऊक आहे? फोनला ठाऊक आहे. कंपनीला ठाऊक आहे. तुम्हाला फक्त चटका बसतो. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलने कबूल केलं की जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरने कमी करत होते. कारण रास्त होतं : थकलेली बॅटरी अचानक मोठा भार पेलत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. पण सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, आणि अनेकांनी नवा घेतला. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी बॅटरीची प्रकृती दाखवणारा पडदा आला आणि ही वेगकपात बंद करण्याचा पर्यायही. 2022 मध्ये सॅमसंगच्या फोनांत गेम चालताना वेग आवळणारी सोय लोकांनी उघडकीला आणली, तेव्हाही पर्याय बोंब मारल्यावरच मिळाला.

या दोन्ही गोष्टींत मला राग वेग कमी करण्याचा येत नाही. मीही माझं मशीन सावकाश चालवतो, ते पुढे सांगतो. राग याचा येतो की निर्णय आपल्या वस्तूबद्दल, आपल्या खिशात, आणि आपल्याला न विचारता झाला. बटण होतं, पण ते आपल्या बाजूला नव्हतं. ज्याने कधी प्रोसेसरचा आकडा स्वतः बदललेला नाही, त्याला असं बटण असतं हेच माहीत नसतं, मग तो मागणार कसं? भारत सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. चांगलं आहे. पण हक्क वापरायला आधी डबा उघडायची सवय लागते, आणि ती पोर्टलवर मिळत नाही.

*

माझ्यावर तीन आक्षेप येतील. तिन्ही दमदार आहेत.

पहिला : फायदा काय? आजचे प्रोसेसर उष्णता आणि भार बघून स्वतःच वेग वाढवतात, हाताने करण्यासारखं फार उरलेलं नाही. खरं आहे. माझी पाच मिनिटं वाचली, तीही वीज जास्त जाळून. फक्त वेग हवा असेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या नादी लागू नका, पैसे साठवून नवा प्रोसेसर घ्या. पण सायकल शिकताना कुणी गावापर्यंतचं अंतर किती मिनिटांनी कमी झालं हे मोजत नाही.

दुसरा : हे आकडे व्हिडिओत मिळतात, वही कशाला? तर या व्हिडिओवाल्यांशीही माझं भांडण आहे. "हा आकडा टाका, झालं" असं सांगणारा माणूस आणि "हात लावू नको" म्हणणारा माणूस, दोघं एकाच कामाला लागलेले आहेत. दोघंही तुम्हाला मोजू देत नाहीत. त्याचा प्रोसेसर वेगळा, कूलर वेगळा, त्याच्या खोलीत एसी. त्याचा 40 माझ्याकडे काळा पडदा झाला.

तिसरा आक्षेप आईचा : बिघडलं तर कोण भरून देणार? हा सगळ्यात खरा. नुकसान झालं तर कंपनी भरून देत नाही. प्रोसेसर "अनलॉक्ड" म्हणून विकतात आणि ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणतात. इंटेलने तर 2012 पासून काही वर्षं त्यासाठी वेगळे पैसे घेऊन वेगळं संरक्षण विकलं, आणि 2021 मध्ये तेही बंद केलं. म्हणून ज्या घरात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्यावर कुणाचं पोट आहे, तिथे पहिला प्रयोग करू नका. जुना, कामातून गेलेला डबा शोधा. त्यातला एसएमपीएस बिननावाचा, हलका असेल तर आधी तो बदला, कारण प्रोसेसरपेक्षा तोच आधी दगा देतो. कूलर साफ करा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, काही बोर्ड तिथे सढळ हाताने वाढवतात. आणि मूळ फायली दुसरीकडे ठेवा. आईच्या प्रश्नाला "काही होत नाही गं" हे उत्तर नाही. काय होऊ शकतं आणि त्यातलं काय परत आणता येतं, हे सांगता येणं हे उत्तर आहे.

*

त्या वर्षीचा मे आला. पत्र्याच्या खोलीत दुपारी 39 अंश. डिसेंबरात खोली 18 असताना जो 3.8 मजेत 72 अंशांवर चालायचा, तो आता 93 वर. हा प्रोसेसर 95 ला स्वतःहून वेग कापायला लागतो. वहीत बघितलं तर खोलीच्या वर तो दर वेळी 54 अंशांच्या आसपासच चढत होता. प्रोसेसर तोच होता, बदलली होती हिंगोली.

मग मी उलटा गेलो. वेग परत 3.4, आणि व्होल्टेज एकेक पायरी खाली. 1.15 वरून 1.05 पर्यंत आलो आणि तो रात्रभर न चुकता चालला. वेग तोच, उष्णता सहाव्या हिश्श्याने कमी, 39 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 71 वर. पंख्याचा आवाज उतरला, इन्व्हर्टरवर थोडा जास्त वेळ मिळू लागला. कंपनीने सगळ्या प्रोसेसरांना पुरेल म्हणून जे जास्तीचं व्होल्टेज ठेवलं होतं, ते माझ्या या एकाला लागतच नव्हतं. हे मला कुठल्याही माहितीपत्रकाने सांगितलं नसतं.

हळद शिजवणारे आमचे लोक हेच करतात. कुकरवर वेळ लिहून ठेवलेली नसते. माल ओला किती, कंद जाड किती, बघून वाफ द्यायची, काडी टोचून बघायची. कमी शिजली तर वाळायला त्रास, जास्त शिजली तर रंग गेला. बाबांना मी बायोस समजावून सांगितला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे काडी टोचून बघायलास तू." मला आजवर कुणी इतकी नेमकी व्याख्या दिलेली नाही.

*

हे सगळं आताच का सांगतोय? कारण आमच्या जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, लायगो-इंडिया उभं राहतंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये त्याला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यात लेसर, आणि मोजायचं काय, तर कुठल्यातरी दूरच्या आकाशगंगेत दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याने त्या भुजेच्या लांबीत पडलेला फरक. तो प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही लहान असू शकतो. माणसाने बनवलेल्या सर्वांत नाजूक मोजमाप-यंत्रांपैकी एक, आमच्या हळदीच्या रानांशेजारी.

अशा यंत्राचं निम्मं काम खरा इशारा आणि खोटी थरथर वेगळी काढण्याचं असतं. उष्णता, कंपन, विजेतला चढउतार, सगळं मोजून बाजूला काढावं लागतं. माझ्या चार रकान्यांच्या वहीत आणि त्या यंत्रात कोट्यवधी पटींचं अंतर आहे, याची मला लाज नाही. पण जात एकच आहे : किती, कशामुळे, आणि माझी चूक यात किती.

उद्या ते यंत्र सुरू होईल तेव्हा आमची पोरं कुठे असतील? फाटकावर शिट्टी घेऊन उभी, का आत पडद्यापुढे बसलेली? शाळेतल्या खोलीला कुलूप राहिलं तर उत्तर ठरलेलंच आहे. आम्ही यंत्राची पूजा करू, त्याच्यापुढे सेल्फी काढू, दसऱ्याला झेंडूचा हार घालू, आणि चपला बाहेर काढून लांबून बघू. याला आदर म्हणत असतील तर असला आदर मला नको.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक शाळेत एक जुना डबा कव्हराशिवाय टेबलावर ठेवा, वर पाटी लावा : "हा बिघडवण्यासाठी आहे." शेजारी एक वही, एक थर्मामीटर आणि एक स्क्रूड्रायव्हर. बिघडला तर कुणाला रागवायचं नाही, फक्त विचारायचं : काय केलंस, आणि कुठल्या आकड्याला केलंस?

गेल्या दिवाळीत माझी सहावीतली पुतणी खुर्ची ओढून शेजारी बसली. डिलीटचं बटण दाबलं की काय होतं ते तिने माझ्या मागे उभं राहून हेरलं होतं. दाराकडे बघत हळूच म्हणाली, "काका, मी हात लावू?"

दादा बाहेरच्या खोलीत होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "लाव. पण आधी वही घेऊन ये."